संगणकाच्या जुन्या तारा आणि माहितीच्या वहनाचा वेग

ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांतून संगणक ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. कोठे शासनाकडून, कोठे ग्रामपंचायतीकडून, तर कोठे लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर व इंटरनेटची जोडणी ही साधने शाळेत आलेली आहेत. साधने आली म्हणजे त्यांच्याविषयीच्या तक्रारीही आल्याच. त्यांपैकी वारंवार ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘संगणक फार मंद चालतो’ ही होय. पाठाची चित्रफीत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात घ्यावयास तास उलटतो, तोवर तासिका संपते आणि मुले पडद्याकडे पाहत बसून राहतात.

अशा वेळी दोष बहुधा तारेच्या माथी मारला जातो. ‘केबल जुनी झाली आहे, बदलून टाका’ हा सल्ला दुकानदारही देतो आणि जाणते शेजारीही देतात. या सल्ल्याचे दोन परिणाम संभवतात. एखादी शाळा आपल्या तुटपुंज्या अनुदानातून सगळ्या तारा नव्या घेते आणि वेगात काडीचाही फरक पडत नाही. दुसरी शाळा पैशाअभावी काहीच करीत नाही आणि संगणकावर कापड पांघरून तो कोपऱ्यात ठेवून देते. पहिल्या प्रकारात पैसा व्यर्थ जातो, दुसऱ्यात साधन व्यर्थ जाते. नुकसान मात्र दोन्ही प्रकारी विद्यार्थ्यांचेच होते.

तारेच्या जुनेपणामुळे माहितीच्या वहनाचा वेग खरोखरीच कमी होतो काय, याचा विचार म्हणूनच शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण ‘जुनी तार’ या शब्दांचे दोन वेगवेगळे अर्थ होतात. एक, जुन्या पद्धतीची, म्हणजे पूर्वीच्या गरजेनुसार घडविलेली तार. दुसरा, वापराने झिजलेली, जीर्ण झालेली तार. पहिलीचा दोष तिच्या रचनेत असतो, दुसरीचा तिच्या अवस्थेत. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळसा घोटाळा होतो.

१. वेग कशाला म्हणावयाचे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या तारेतून वीज हळू धावते आणि नव्या तारेतून जलद धावते, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. संगणकाच्या तांब्याच्या तारेतून विद्युत्‌संकेत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे सेकंदास अदमासे २ लाख किलोमीटर या गतीने जातो. तार पाच वर्षांपूर्वीची असो वा पंचवीस वर्षांपूर्वीची, या गतीत ध्यानात येण्याजोगा फरक पडत नाही. १०० मीटर लांबीची तार ओलांडावयास संकेताला सेकंदाचा सुमारे वीस लाखावा भाग पुरतो.

मग कमीअधिक होते ते काय? एका सेकंदात किती संकेत एकामागोमाग एक, परस्परांत न मिसळता, पलीकडे ओळखू येतील असे पाठविता येतात, ही संख्या कमीअधिक होते. वर्गात शिक्षक शब्दलेखन सांगतात तेव्हा त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत क्षणार्धात पोहोचतो. तथापि शब्द फार भरभर उच्चारले तर ते एकमेकांत मिसळतात आणि मुलांना ते लिहिता येत नाहीत. आवाजाची गती तीच राहते. समजेल असे किती शब्द मिनिटाला सांगता येतात, ही गोष्ट निराळी. तारेच्या बाबतीत ‘वेग’ हा शब्द या दुसऱ्या अर्थानेच घ्यावयाचा असतो.

हा वेग सेकंदास अमुक मेगाबिट असा सांगतात. माहितीचा सर्वांत लहान अंश म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. तारांवर व यंत्रांवर वेग मेगाबिटांत छापलेला असतो, तर फाइलींचे आकारमान मेगाबाइटांत असते. ‘१०० मेगाबिटांची जोडणी असूनही सेकंदाला अकराच मेगाबाइट येतात’ अशी तक्रार कोणी केल्यास त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. १०० ला ८ ने भागल्यास १२·५ येतात आणि त्यातून पत्ता, तपासणीचे आकडे इत्यादी व्यवस्थेचा खर्च वजा जातो. हा भागाकार न केल्यामुळे चांगल्या तारा फेकून दिल्या गेल्याची उदाहरणे घडू शकतात.

२. समुद्रतारेचा धडा

तार आणि संदेशाचा वेग यांचा संबंध मनुष्यास प्रथम कळला तो समुद्रातून तार टाकताना. १८५८ साली आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी सुमारे ३ हजार किलोमीटर लांबीची तार टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांस पाठविलेला ९८ शब्दांचा संदेश तिच्यातून गेला. परंतु त्यास सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दास जवळजवळ दहा मिनिटे पडली.

तार तर अगदी नवी होती. मग असे का व्हावे? तांब्याचा गाभा, त्याभोवती गटापर्चाचे विद्युत्‌रोधक वेष्टन आणि बाहेर समुद्राचे पाणी, अशी ती रचना होती. तीमुळे ती तार म्हणजे विजेचा एक लांबच लांब साठाच बनला होता. प्रत्येक संकेताच्या वेळी हा साठा भरावा लागे व नंतर रिता व्हावा लागे. इकडून दिलेला टोकदार संकेत तिकडे पसरट होऊन पोहोचे. त्याच्या मागोमाग लगेच दुसरा संकेत दिला तर दोन्ही एकमेकांत मिसळून जात. तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले होते. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धी पावले ते हेच गृहस्थ. कंपनीचे विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांचे मत निराळे होते. अधिक दाबाची वीज दिली म्हणजे संदेश रेटून जातील, असे त्यांस वाटले. त्यांनी दाब वाढविला. आधीच सदोष असलेले वेष्टन त्यास टिकले नाही आणि अवघ्या तीन-चार आठवड्यांत तार मुकी झाली.

१८६६ साली पुन्हा तार टाकताना थॉमसन यांच्या विचाराप्रमाणे तिच्यात जवळजवळ तिप्पट वजनाचे तांबे घातले व वेष्टनही जाड केले. मिनिटाला सात-आठ शब्द जाऊ लागले. ही तार टाकणाऱ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानेच १८७० साली मुंबई व एडन यांमधील समुद्रतार टाकली आणि आपला देश पाण्याखालच्या तारांनी विलायतेशी जोडला गेला.

या इतिहासाचे तात्पर्य शिक्षकांनी ध्यानी धरावे. तारेचा वेग तिच्या वयावर ठरत नाही. तिच्यात तांबे किती, वेष्टन कसे, लांबी किती आणि रचना कोणती, यांवर तो ठरतो. कारण न शोधता केलेला उपाय रोगाहून वाईट ठरतो, हेही त्यावरून दिसून येते.

३. शाळेतील तारा: रचनेचा जुनेपणा

शाळेत माहिती वाहून नेणाऱ्या तारा मुख्यतः दोन प्रकारच्या आढळतात: राउटरपासून संगणकाकडे जाणारी नेटवर्कची तार, आणि हार्ड डिस्क, प्रिंटर वा मोबाइल संगणकाला जोडणारी यूएसबी तार. जुन्या यंत्रांच्या पोटात तिसराही एक प्रकार असतो.

(अ) नेटवर्कची तार. हिच्या आत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो. तारांची जोडी पिळण्याची युक्ती टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली योजिली. जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात आणि पलीकडचे यंत्र त्या दोहोंतील फरक तेवढा मोजते. शेजारच्या विजेच्या तारेमुळे वा मोटारीमुळे उपद्रव झाला तर पिळामुळे तो दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन टाकले तर काटा हलत नाही, तद्वत फरक कायम राहतो व उपद्रव निष्प्रभ होतो.

या तारांच्या प्रती ठरलेल्या आहेत व त्या वेष्टनावर ‘कॅट’ या इंग्रजी अक्षरांनी व आकड्याने छापलेल्या असतात. कॅट ३ ही सेकंदास १० मेगाबिटांच्या जोडणीस पुरेशी होती. कॅट ५ वर १९९५ पासून १०० मेगाबिटांची जोडणी प्रचारात आली. १९९९ साली १००० मेगाबिटांच्या जोडणीचे मानक ठरले, तेव्हा ठिकठिकाणी आधीच बसविलेल्या चांगल्या कॅट ५ तारांवरही ती चालावी अशी योजना करण्यात आली. पुढील कॅट ५ ई व कॅट ६ यांत पीळ व घडण अधिक काटेकोर आहे. या सर्व वेगांसाठी यंत्रापासून यंत्रापर्यंतची लांबी १०० मीटरांपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे.

येथे एक मर्म आहे. १०० मेगाबिटांच्या जोडणीस चारांपैकी दोनच जोड्या लागतात. १००० मेगाबिटांच्या जोडणीस चारही लागतात. पूर्वी काटकसरीसाठी कोठे कोठे दोनच जोड्या जोडीत असत, तर कोठे एकाच तारेतील दोन-दोन जोड्यांवर दोन संगणक चालवीत. अशी तार नव्या यंत्रांना लावली तर बहुतेक यंत्रे आपसांत ठरवून १०० मेगाबिटांवर उतरतात आणि काम बिनबोभाट, परंतु दहापटीने मंद चालू राहते. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असते, म्हणून कोणास संशयही येत नाही.

(आ) यूएसबी तार. ही पद्धत १९९६ साली निघाली. तेव्हा तिचा कमाल वेग सेकंदास १२ मेगाबिट होता. २००० साली तो ४८० मेगाबिट झाला. २००८ साली तिसऱ्या आवृत्तीत तो ५००० मेगाबिटांवर गेला. पहिल्या दोन आवृत्त्यांच्या तारेत चारच तारा असतात: दोन विजेच्या व दोन माहितीच्या. पहिल्या आवृत्तीच्या काळची पूर्ण वेगाची चांगली तार दुसऱ्या आवृत्तीच्या वेगासही चालते. जुन्या संगणकावर हार्ड डिस्कची नक्कल अतिशय मंद होत असेल तर दोष तारेचा नसून संगणकाच्या जुन्या खोबणीचा असण्याचा संभव अधिक.

तिसऱ्या आवृत्तीत मात्र गोष्ट बदलते. येथे वेगवान वहनासाठी माहितीच्या दोन नव्या जोड्या वाढविल्या आहेत. जुन्या चारतारी केबलीत त्या जोड्याच नाहीत. नव्या हार्ड डिस्कच्या रुंद खोबणीत मोबाइलची जुनी तार बसते, डिस्क चालूही होते. परंतु वेग ४८० मेगाबिटांपुढे जात नाही. नसलेल्या वाटेने माहिती जाणार कशी? जुन्या तारेमुळे वेग खरोखर घटतो, त्याचे हे अगदी निखळ उदाहरण होय. पुष्कळ ठिकाणी अशा खोबणीच्या व प्लगच्या आतील पट्टी निळी असते, ही तिची ढोबळ खूण.

याउलट नवेपणानेही फसगत होते. मोबाइलबरोबर मिळणाऱ्या दोन्हीकडून बसणाऱ्या नव्या घाटाच्या, म्हणजे ‘सी’ प्लगच्या अनेक तारा केवळ विद्युत्‌भारणासाठी असतात व त्यांचा माहितीचा वेग २००० सालच्याच आवृत्तीचा, म्हणजे ४८० मेगाबिटच असतो. काही स्वस्त तारांत तर माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. मोबाइल चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही. प्लगचा आकार व तारेची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

(इ) संगणकाच्या पोटातील तार. देणगीदाखल मिळालेल्या फार जुन्या संगणकांत हार्ड डिस्कला चपट्या पट्टीसारखी तार असते. आरंभी त्या पट्टीत ४० तारा असत. वेग वाढविताना शेजारच्या तारांचे संकेत एकमेकांत मिसळू लागले, म्हणून प्रत्येक दोन तारांमध्ये एक जमिनीशी जोडलेली तार घालून ८० तारांची पट्टी करण्यात आली. प्लग तोच राहिला. ८० तारांची पट्टी नसेल तर यंत्र ते ओळखते आणि वेग सेकंदास ३३ मेगाबाइटांवर रोखून धरते. पुढे २००३ च्या सुमारास अरुंद साटा तारा आल्या. त्यांचा वेग दोनदा दुप्पट झाला, परंतु तार मात्र तीच चालली. एका ठिकाणी जुनी तार अडसर ठरली, दुसऱ्या ठिकाणी ती पुरेशी ठरली. निर्णय वयावरून घेऊ नये, रचना पाहून घ्यावा, असे वारंवार सांगावे लागते ते यासाठीच.

४. जीर्ण झालेली तार

तांबे वेष्टनाच्या आत कोरडे व अखंड असेल तर वर्षे लोटली म्हणून ते संकेत मंद वाहत नाही. जीर्ण होतात त्या अन्य गोष्टी. पिना गंजतात, सैल होतात. दाराच्या फटीत चेपून वा टेबलाच्या पायाखाली येऊन पीळ बिघडतो, आतील एखादी तार तुटते. उन्हात राहिलेले वेष्टन कडक होऊन तडकते व पावसाचे पाणी आत शिरते. उंदीर कुरतडतात ते निराळेच.

अशा तारेतून संकेत अधूनमधून चुकतात. चुकीची माहिती यंत्र स्वीकारीत नाही. पाठविलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर ताळ्याचा आकडा असतो. ज्याप्रमाणे गुणाकाराचा पडताळा पाहतात, त्याप्रमाणे घेणारे यंत्र तो ताळा पाहते. ताळा चुकला तर तो तुकडा टाकून दिला जातो व पुन्हा पाठवावा लागतो. नेटवर्कमध्ये तुकडे वारंवार हरवू लागले की पाठविणारे यंत्र वाटेत गर्दी आहे असे समजून आपणच वेग कमी करते. म्हणून थोड्या चुकांनीही वेग बराच घसरतो. जीर्ण तारेची खूण हीच की, तिचा वेग स्थिर नसतो. तो चढतो, उतरतो, मध्येच थांबतो; तार हालविली की बदलतो. जुन्या रचनेची पण धडधाकट तार मात्र आपल्या मर्यादेत एकसारखी चालते.

नवी तारही रोगी असू शकते. काही स्वस्त तारांत शुद्ध तांब्याऐवजी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते व ते लवकर मोडते. आणखी एक दोष जोडणाऱ्याच्या हातून घडतो. नेटवर्कच्या प्लगमध्ये पहिली व दुसरी, तिसरी व सहावी, चौथी व पाचवी, सातवी व आठवी या पिनांच्या जोड्या असतात. माहीत नसलेला कारागीर रंगांच्या जोड्या सरळ ओळीने बसवितो. दोन्ही टोके सारखी असल्यामुळे साध्या तपासणीत सर्व दिवे लागतात. पण तिसरी व सहावी पिन वेगवेगळ्या पिळांतील तारांवर येते आणि पिळाचा उपयोगच नाहीसा होतो. सर्वत्र रूढ असलेला एक क्रम पुढीलप्रमाणे आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम शाळेच्या साधन-नोंदवहीत लिहून ठेवावा. प्लगपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उलगडू नये.

५. मोट आणि पाट

तार निर्दोष असूनही काम मंद का चालते, हे समजण्यास विहिरीवरील जुन्या मोटेचे उदाहरण पुरेसे आहे. मोटेतून जेवढे पाणी वर येईल तेवढेच पाटातून वाहावयाचे. पाट दुप्पट रुंद केला म्हणून वाफे लवकर भिजत नाहीत. संगणकाच्या कामात तार हा पाट होय. पाणी उपसणारी मोट म्हणजे हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह किंवा गावापर्यंत आलेली इंटरनेटची जोडणी.

व्हिडिओ पाठांचा ४ गिगाबाइटांचा, म्हणजे सुमारे ४००० मेगाबाइटांचा संग्रह शाळेस घ्यावयाचा आहे, असे समजू. १९९६ सालच्या वेगाच्या खोबणीतून प्रत्यक्षात सेकंदास सुमारे १ मेगाबाइट येतो. काम तासापेक्षा अधिक चालेल. दुसऱ्या आवृत्तीतून सेकंदास ३५ मेगाबाइट धरले तर सुमारे दोन मिनिटे लागतील. तिसऱ्या आवृत्तीची तार, तशीच खोबण आणि सेकंदास १०० मेगाबाइट देणारी हार्ड डिस्क असेल तर ४० सेकंद पुरतील. परंतु तोच संग्रह सेकंदास ८ मेगाबाइट लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हवर घ्यावयाचा असेल तर खोबण कितीही वेगवान असो, आठ मिनिटे लागणारच. आणि तो सेकंदास २० मेगाबिटांच्या इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा असेल तर सुमारे सत्तावीस मिनिटे लागतील. तेथे १०० मेगाबिटांची जुनी तार काढून १००० मेगाबिटांची नवी लावल्याने एक मिनिटही वाचणार नाही.

शाळेची वार्षिक माहिती यू-डायसवर भरताना होणाऱ्या विलंबासही हेच लागू पडते. एकाच वेळी असंख्य शाळा माहिती भरीत असतील तर अडचण शाळेच्या खोलीतील दोन मीटर तारेत नसते. अशा वेळी तारेवर खर्च करण्यापेक्षा भरण्याची वेळ बदलणे शहाणपणाचे.

६. परीक्षा कशी करावी?

तारेची परीक्षा करण्यास महाग उपकरण लागत नाही. घड्याळ, वही व थोडा धीर एवढी सामग्री पुरे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करवून घेता येईल.

प्रथम एकच मोठी, सुमारे २४०० मेगाबाइटांची फाइल निवडावी. लहानसहान शेकडो फाइली घेऊ नयेत. कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. ती फाइल बाह्य हार्ड डिस्कवरून संगणकावर घ्यावी व लागलेले सेकंद मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. एरवी तो आधीची फाइल स्मृतीतूनच देतो व वेळ खोटा येतो. नंतर फक्त तार बदलावी. संगणक, खोबण, डिस्क व फाइल तीच ठेवावी. पुन्हा तीन वेळा मोजावे. शेवटी पहिली तार परत लावून एकदा पडताळा पाहावा.

समजा, ८० सेकंद लागले. २४०० ला ८० ने भागून सेकंदास ३० मेगाबाइट, म्हणजे २४० मेगाबिट हा वेग निघतो. दुसऱ्या आवृत्तीच्या तारेस हा वेग योग्यच आहे. तार बदलूनही आकडा तोच राहिला तर अडसर अन्यत्र आहे. तार बदलताच वेळ ८० वरून २४ सेकंदांवर आला तर जुन्या तारेची मर्यादा सिद्ध झाली. एकाच तारेचे तीन वेळचे आकडे फार वेगवेगळे आले तर ती जीर्ण आहे किंवा प्लग सैल आहे असे समजावे.

नेटवर्कच्या तारेसाठी संगणकाच्या जोडणीविषयक माहितीत जोडणीचा वेग लिहिलेला असतो. दोन्हीकडील यंत्रे १००० मेगाबिटांची असून तेथे १०० हा आकडा दिसला तर तार किंवा तिचे प्लग तपासावेत. यंत्रच १०० चे असेल तर तारेस बोल लावू नये.

या प्रयोगात सरासरी, गुणोत्तर, एककांचे रूपांतर असे गणिताचे पाठ आपसूकच साधतात. परंतु त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधण्याची सवय. ऐकीव मत आणि मोजून काढलेला निष्कर्ष यांतील फरक मुलांस स्वतःच्या हाताने कळतो. मात्र हा प्रयोग माहितीच्या तारांपुरताच ठेवावा. घरगुती विजेच्या तारांना व बटणांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये.

७. निगा व खरेदी

तार गुंडाळताना तिला तीव्र कोन देऊ नये. सैल वेटोळे करावे. प्लग काढताना तार न ओढता प्लगच धरावा. नेटवर्कची तार विजेच्या तारेस चिकटून दूरवर नेऊ नये. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीकडे उघड्यावरून नेलेली तांब्याची तार विजांच्या पावसात यंत्रांचा घात करू शकते. अशा वेळी ती दोन्हीकडून काढून ठेवावी. यूएसबी तार शक्य तेवढी आखूड वापरावी. दुसऱ्या आवृत्तीची ५ मीटरांपेक्षा व तिसरीची सुमारे ३ मीटरांपेक्षा लांब नसावी.

सैल तारेचा खरा धोका वेगाहून मोठा आहे. नक्कल चालू असता जोडणी तुटली तर अर्धवट लिहिलेली फाइल निकामी होऊ शकते. विद्यार्थ्यांचे निकाल, हजेरी, दाखले यांची एकुलती एक प्रत अशा तारेच्या भरवशावर ठेवणे म्हणजे वर्षाचे काम पणास लावणे होय. संशयित तारेने महत्त्वाचे काम करू नये, साधन काढण्यापूर्वी संगणकास तशी सूचना द्यावी आणि दुसरी प्रत नेहमी वेगळी ठेवावी.

खरेदीचा प्रसंग आलाच तर वेष्टनावरील छापील प्रत वाचून, शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करून, हवी तेवढ्याच लांबीची तार घ्यावी. शाळेच्या आजच्या गरजांस कॅट ५ ई किंवा कॅट ६ पुरेशी आहे. काढलेल्या तारेस कागदाची चिठ्ठी लावून तिची लांबी, प्रत व मोजलेला वेग लिहावा. जी चांगली ठरली ती प्रिंटरला किंवा कमी वेगाच्या यंत्राला उपयोगी पडते. जी रोगी ठरली ती कापून टाकावी, नाहीतर ती पुन्हा कोणाच्या तरी हाती येते.

सारांश, तार जुनी आहे एवढ्यावरून तिला दोषी ठरवू नये व नवी आहे एवढ्यावरून तिच्यावर विश्वास टाकू नये. तिची रचना पाहावी, तिची अवस्था पाहावी, तिच्या दोन्ही टोकांची यंत्रे पाहावीत आणि मग घड्याळ लावून निर्णय करावा. केंद्राच्या एखाद्या शिक्षण परिषदेत चार शाळांनी आपापल्या तारांचे आकडे मांडले तर कोणती तार ठेवावी व कोणती टाकावी याचा उलगडा तासाभरात होईल आणि कापडाखाली झाकलेला एखादा संगणक पुन्हा मुलांच्या कामी येईल.